गंभीर गुन्ह्यातला जामीन : अर्ज कधी, कुठे आणि अडतं कुठे (सातारा-सांगली)

बाकडं_नंबर_चार

'तीनशे दोन लागलंय, जामीन होतो का?' हा प्रश्न इथे सारखा येतो. हो किंवा नाही एवढंच उत्तर देणारा माणूस एक तर नवखा असतो, नाहीतर फी ठरवायच्या घाईत असतो. आधी चार गोष्टी हातात घ्या: कलमं, पहिल्या रिमांडची तारीख, चार्जशीट आली की नाही, आणि आरोपीवरचे आधीचे गुन्हे. या चारांशिवाय पुढचं बोलणं हवेतलं.

कलमांचे आकडे बदललेत. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता: खून १०३, खुनाचा प्रयत्न १०९, हुंडाबळी ८०, आत्महत्येस प्रवृत्त करणं १०८, दरोडा ३१०. त्याआधीच्या घटनेला जुनंच भादंवि. जामिनाची कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. जुनं ४३९ म्हणजे आता ४८३, ४३८ म्हणजे ४८२, १६७(२) चं १८७(३), ४३६-अ चं ४७९.

कुठे अर्ज करायचा? फाशी किंवा जन्मठेपेचं कलम असेल तर मॅजिस्ट्रेट साहेबांचे हात ४८० ने बांधलेले असतात. बाई, अल्पवयीन, आजारी किंवा अपंग आरोपी असेल तर त्यांना सवलत देता येते, पण ती मागावी लागते आणि कागद दाखवावे लागतात. बाकीच्यांनी सत्र न्यायालय गाठायचं. पोलीस ठाणं कोणत्या सत्र न्यायालयाच्या हद्दीत येतं ते आधी बघा. कराड तालुक्यातला गुन्हा साताऱ्याला आणि वाळव्यातला गुन्हा सांगलीच्या विजयनगरला नेऊन दोन दिवस घालवू नका. कराडला आणि इस्लामपूरला, म्हणजे आताच्या ईश्वरपूरला, सत्र न्यायाधीश बसतात.

आणि हायकोर्ट म्हणजे आता मुंबईची रात्रीची गाडी नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

उरमोडी

धन्यवाद दादा. चार्जशीट यायच्या आधी अर्ज टाकावा की नंतर? घरचे लोक म्हणतात आजच टाका, वकीलसाहेब म्हणतात थांबा. कुणाचं ऐकायचं?

निशाणी_पाच

खुनात, दरोड्यात बहुतेक वेळा वकिलांचं.

चार्जशीटच्या आधी तुमच्या हातात असतं काय? फिर्याद आणि रिमांड रिपोर्ट. साक्षीदारांचे जबाब, पीएम नोट्स (शवविच्छेदनाचा अहवाल), पंचनामे, सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा), कॉल रेकॉर्ड, सगळं तपासी अंमलदाराच्या फाईलमध्ये. तुम्ही अंधारात बोलणार आणि ते फाईल कोर्टापुढे ठेवणार. त्यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, ठरलेला असतो: तपास चालू आहे, कोयता जप्त व्हायचा आहे, दोन आरोपी फरार आहेत, साक्षीदार त्याच गावातले आहेत. यातलं निम्मं त्या वेळी खरंही असतं. अर्ज फेटाळला जातो, आणि त्या आदेशातली वाक्यं पुढच्या अर्जात सरकारी वकील वाचून दाखवतात.

फेटाळलेल्या अर्जानंतर त्याच कोर्टात पुन्हा जायला 'परिस्थितीत बदल' दाखवावा लागतो. चार्जशीट दाखल होणं हा बदल धरला जातो, पण नुसतं 'चार्जशीट आली' म्हणून भागत नाही. त्या चार्जशीटमधून तुमच्या आरोपीच्या बाजूचं काय निघालं ते दाखवायचं.

येरळाकाठ

साहेब, सरसकट नको. फिर्यादीत नावच नाही, किंवा नाव आहे पण 'सोबत उभा होता' एवढंच आहे, अशा आरोपीला तीन महिने का सडवायचं? घटनेच्या वेळी दवाखान्यात दाखल असल्याचे कागद आहेत, कंपनीच्या गेटवरची हजेरी आहे, तर लगेच अर्ज करावा. आजारपणाचंही तसंच. आणि पोलीस कोठडी बाकी आहे हे एकच कारण पुरत नाही. नव्या कायद्यात १५ दिवसांची कोठडी तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत कधीही मागता येते, म्हणून 'पीसीचा (पोलीस कोठडीचा) हक्क राखून' अशी ओळ हल्ली रिमांड रिपोर्टात दिसते. पण ४८० च्याच परंतुकात लिहिलंय की आरोपी एरवी जामिनाला पात्र असेल आणि हमी देत असेल, तर पुढच्या कोठडीची गरज हे जामीन नाकारायला पुरेसं कारण नाही. अर्जात हे परंतुक घाला, बरेच जण विसरतात.

निशाणी_पाच

मान्य. भूमिका किरकोळ असेल तर लवकर. मुख्य हल्लेखोर म्हणून नाव असेल तर थांबा. मधल्यांचं भांडण चालू द्या :)

हळकुंड

चार्जशीटच्या मुदतीचे ९० दिवस मोजताना अटकेचा दिवस धरायचा का? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

बाकडं_नंबर_चार

अटकेचा नाही, पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा. कपिल वाधवान प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा वाद मिटवला.

उदाहरण घ्या. अटक ४ मे, कोर्टापुढे ५ मे. मग ५ मे हा पहिला दिवस. मे महिन्याचे २७, जूनचे ३०, जुलैचे ३१, झाले ८८. २ ऑगस्टला ९० भरले. २ ऑगस्ट संपेपर्यंत चार्जशीट आली नाही, तर ३ ऑगस्टला आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही गंभीर असो. इथे गुणदोष बघत नाहीत. सुट्टी आली म्हणून पोलिसांना जादा दिवस मिळत नाही.

पण हा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि लोक इथेच गमावतात. ३ तारखेला अर्ज केला नाही आणि ४ ला चार्जशीट दाखल झाली की हक्क गेला. उलट ३ ला सकाळी अर्ज पडला आणि दुपारी पोलीस गठ्ठा घेऊन आले, तरी हक्क शाबूत, एम. रवींद्रन निकाल, २०२० चा. म्हणून:

अर्ज आदल्या दिवशी टाईप करून ठेवा. दाखल करताना त्यावर तारखेसोबत वेळ लिहून घ्या. 'कोर्ट ठरवेल तो जामीन देण्यास आरोपी तयार आहे' ही ओळ हवीच. अर्ज त्याच कोर्टात करायचा जिथे रिमांड चालू आहे, म्हणजे न्याय संहितेच्या किंवा भादंविच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटकडे आणि विशेष कायद्यात विशेष कोर्टात. तो दिवस रविवारी आला तर सुट्टीतल्या रिमांड कोर्टापुढे ठेवा. आणि जामीनदार तयार ठेवा, कारण आदेश झाल्यावर जामीन भरायला तुम्ही आठवडे लावले आणि मध्ये चार्जशीट आली, तर नसता वाद ओढवून घ्याल.

६० की ९० हा आणखी एक घोळ. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला ९०, बाकीला ६०. जुन्या कायद्यात शब्द होते 'दहा वर्षांपेक्षा कमी नाही', आता आहेत 'दहा वर्षे किंवा अधिक'. जिथे शिक्षा 'दहा वर्षांपर्यंत' आहे, जसं १०८, तिथे नेमके किती दिवस यावर भांडता येतं. शंका असली तर ६१ व्या दिवशी अर्ज पडलाच पाहिजे. फेटाळला तर फेटाळला, ९१ वा दिवस आहेच.

माणदेशी

अमली पदार्थांचं वेगळं लिहितो, कारण उसाच्या आणि हळदीच्या रानात गांजाची झाडं सापडल्याच्या केसेस आपल्याकडे होतातच, आणि एमडीच्याही व्हायला लागल्यात.

व्यावसायिक प्रमाण: गांजा २० किलोच्या वर, मेफेड्रोन म्हणजे एमडी ५० ग्रॅमच्या वर. त्याच्या वर गेलं की एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थ कायद्याचं, कलम ३७ आडवं येतं. सरकारी वकिलांना विरोधाची संधी दिली पाहिजे, आणि त्यांचा विरोध असेल तर आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशा दोन्ही गोष्टींवर कोर्टाचं समाधान झालं पाहिजे. मोक्का २१(४) ची घडण अशीच. प्रमाण त्याच्या खाली असेल तर नेहमीचे निकष.

म्हणून पहिलं काम वजनाचं. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पंचनाम्यात मात्र ओली झाडं मुळं-मातीसकट काट्यावर चढवलेली असतात आणि आकडा ४०-५० किलो येतो. पंचनामा अक्षर न अक्षर वाचा: शेंडे वेगळे काढले का, नमुना कशाचा घेतला, ५२-अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर यादी आणि नमुने झाले का, सील कुणाचं. दुसरा मुद्दा, लागवडीचं कलम २०(अ) निराळं आहे, त्यात प्रमाणाचा टप्पा नाही. कलम ३७ मधल्या यादीत ते बसतं का, हा युक्तिवाद सोडू नका.

व्यावसायिक प्रमाण असेल तर चार्जशीटचे दिवस इथे १८०. ते एक वर्षापर्यंत वाढवता येतात, पण सरकारी वकिलांच्या अहवालावर. नुसत्या तपासी अंमलदाराच्या पत्रावर नाही. आणि मुदतवाढीच्या वेळी आरोपीला हजर ठेवून कळवलं पाहिजे, असं २०२२ च्या जिगर अडतिया निकालात आहे. त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या कामाची रोजची नोंद, काढा. आरोपी हजर नसल्याची नोंद सापडली तर सोन्यासारखी. मोक्का आणि यूएपीएमध्ये ९० चे १८० होतात.

उरमोडी

अर्जात नेमकं लिहायचं काय? बऱ्याच अर्जांत 'अर्जदार निर्दोष असून त्यास खोटेपणाने गोवले आहे' याच्या पलीकडे काही दिसत नाही.

निशाणी_पाच

ते वाक्य लिहा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ते प्रत्येक अर्जात असतं, न्यायाधीश ते वाचतसुद्धा नसावेत.

वर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), पोलीस ठाणं, कलमं, अटकेची तारीख, आधीच्या अर्जांचा तपशील. हा तपशील लपवलात तर संपलात. कुशा दुरुका प्रकरणात, जानेवारी २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आधीचे सगळे अर्ज, त्यांचे निकाल आणि कुठे काय प्रलंबित आहे ते अर्जातच लिहा. आधीच्या गुन्ह्यांचंही तेच. पोलीस गुन्हेगारी पार्श्वभूमीचा तक्ता देणारच. त्याआधी तुम्हीच द्या, समोर 'निर्दोष', 'तडजोड', 'प्रलंबित' असं लिहून. तक्त्यात सुटलेल्या केसेसही 'गुन्हा दाखल' म्हणून चढवलेल्या असतात, निकालाची नक्कल जोडली की त्यातली हवा जाते.

मग मुख्य भाग. हाणामारीतून झालेल्या खुनात आठ-दहा आरोपी असतात, फिर्यादीत 'सर्वांनी मिळून मारले' असतं. अशा वेळी एक तक्ता करा: साक्षीदाराचं नाव, जबाबाची तारीख, तुमच्या आरोपीच्या हातात काय, कुठे मारलं. शेजारी पीएम नोट्समधली जखम. साक्षीदार म्हणतो काठी पाठीत मारली, पीएममध्ये पाठीवर एकही जखम नाही आणि मृत्यू डोक्यातल्या धारदार वाराने, हे अर्ध्या पानात दिसलं पाहिजे. जबाब दहा दिवसांनी नोंदवलाय का, तो साक्षीदार पहिल्या फिर्यादीत आहे का, मॅजिस्ट्रेटसमोरच्या १८३ च्या जबाबात वाक्य बदललंय का. मात्र कलम १९० लागलं असेल, म्हणजे जुनं १४९, तर 'माझ्या हातात काही नव्हतं' एवढ्याने सुटका नाही. बेकायदा जमावात तो होता का, इथून सुरुवात करावी लागते.

पॅरिटी, म्हणजे सहआरोपीला मिळाला म्हणून मलाही, हे भूमिका सारखी असेल तरच. कोयतेवाल्याने काठीवाल्याची पॅरिटी मागू नये.

अटकेची कारणं लेखी दिली का हेही पाहा. निकाल दोन: विहान कुमार, फेब्रुवारी २०२५. आणि मिहिर शाह, ६ नोव्हेंबर २०२५: कारणं लेखी, आरोपीला समजेल त्या भाषेत, उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी. त्याआधीच्या अटकांना मात्र हा मुद्दा एवढा धारदार राहत नाही. ऑगस्ट २०२५ च्या दर्शन प्रकरणात, लेखी कारणं नव्हती पण त्यामुळे आरोपीचं नुकसान काय झालं, असं विचारून जामीन रद्द झालाय.

कंदीपेढा

सगळी चर्चा आरोपीच्या बाजूची. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याने काय करायचं? सरकारी वकिलांकडे दिवसाला वीस फाईली असतात.

येरळाकाठ

ताई / दादा, रास्त विचारलंत. जामिनाच्या सुनावणीत पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे. जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा, एप्रिल २०२२. फिर्यादीतर्फे वकीलपत्र आणि हस्तक्षेप अर्ज द्यायचा, लेखी म्हणणं सरकारी वकिलांच्या हातात आदल्या दिवशी द्यायचं. त्यात रडगाणं नको, कागद हवेत: धमकीच्या तक्रारीची पोच, आरोपीचं घर आणि साक्षीदाराचं घर यातलं अंतर, आधीच्या जामिनाच्या अटी मोडल्याचा पुरावा. जामीन टळत नसेल तर निदान अटी मागून घ्या, जसं तालुक्यात प्रवेशबंदी.

अॅट्रॉसिटी कायद्यात १५-अ प्रमाणे पीडिताला नोटीस देणं बंधनकारकच आहे. आरोपीच्या बाजूनेही हे लक्षात ठेवा: नोटीस न देता मिळवलेला जामीन टिकत नाही. आणि त्या कायद्यात विशेष कोर्टाने नाकारला तर हायकोर्टात जामीन अर्ज चालत नाही, १४-अ खाली अपील करावं लागतं. चुकीच्या शीर्षकाखाली दाखल करून महिना घालवणारे भेटतात.

जामीन झाल्यावर धमक्या आल्या तर ४८३(३) खाली रद्द करायचा अर्ज. तोंडी सांगणं चालत नाही. प्रत्येक वेळी पोलीस ठाण्यात लेखी, पोच घेऊन. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून लागू आहे, तिचाही अर्ज करता येतो. आदेशच मुळात चुकीचा वाटत असेल तर वरच्या कोर्टात आव्हान, ती वाट वेगळी.

हळकुंड

जामीनदाराचं सांगा कुणीतरी. गावात सही करायला कोणी तयार होत नाही, म्हणतात सातबाऱ्यावर बोजा चढतो.

बाकडं_नंबर_चार

सही केली म्हणून जमीन जात नाही. जामीनदार बाँडच्या रकमेला बांधलेला असतो. आरोपी पळाला, तारखांना आला नाही, तर ४९१ खाली नोटीस निघते, खुलासा पटला नाही तर ती रक्कम दंडासारखी वसूल होते. कोर्ट काही भाग माफही करू शकतं. नको वाटलं तर ४८९ खाली अर्ज करून मोकळं होता येतं, आरोपीने दुसरा जामीनदार आणायचा.

आदेशात साधारण असं असतं: पन्नास हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा दोन सक्षम जामीनदार. लागणारे कागद: चालू तारखेचा सातबारा आणि आठ-अ, आधार, रेशनकार्ड, फोटो. गावात घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती, शहरात मालमत्ता पत्रक. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. साखर कारखान्याचा कायम कामगार चालतो, हंगामी असेल तर प्रश्न येतो. काही कोर्ट तहसीलदाराचा ऐपतदाखला मागतात, त्याला दिवस लागतात, आधीच विचारून घ्या.

अडतं कुठे? सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो, आणि ऊसपट्ट्यात बिनबोजाचा सातबारा म्हणजे दुर्मीळ वस्तू. बोजा असला म्हणजे नकारच असं नाही, पण जमिनीची किंमत आणि बोजा यातला फरक दाखवता आला पाहिजे. सामाईक खातं असेल तर हिस्सा किती ते कळत नाही. आधारवर 'दादासो', सातबाऱ्यावर 'दादासाहेब', तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत न्या. मयत वडिलांच्या नावावरचा उतारा चालत नाही, वारसनोंद झालेली हवी. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, तलाठ्याची वाट बघू नका. आणि आवारात फिरणारे भाड्याचे जामीनदार घेऊ नका: ४८६ प्रमाणे याआधी किती जणांना जामीन राहिलो ते जामीनदाराने लिहून द्यायचं असतं, पडताळणीत खोटं निघालं तर जामीन जातो आणि नवा गुन्हा लागतो.

एकाच आरोपीवर अनेक केसेस असतील तर प्रत्येकीत नवे जामीनदार कुठून आणायचे? गिरीश गांधी, २२ ऑगस्ट २०२४, तेच जामीनदार सगळीकडे चालवायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. ऐपतच नसेल तर ३१ जानेवारी २०२३ चा आदेश वापरा: सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात बाँड भरला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा हा हट्टही धरू नये, असंही त्यात आहे. परप्रांतीय मजुराला हे फार कामाला येतं.

माणदेशी

वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातलं लोक अभिरक्षक कार्यालय, नाहीतर १५१०० ला फोन. तुरुंगातून अधीक्षकांमार्फतही अर्ज जातो.

उरमोडी

अर्धी शिक्षा आत काढली की सोडतात ना?

निशाणी_पाच

४७९. पहिलटकर गुन्हेगाराला, म्हणजे आधी कधी शिक्षा न झालेल्याला, एक तृतीयांश, बाकीच्यांना निम्मी. दहा वर्षांच्या गुन्ह्यात तिसरा हिस्सा म्हणजे ३ वर्षं ४ महिने. पण फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला हे लागूच नाही, म्हणजे खून, दरोडा, हुंडाबळी बाहेर. एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी अडतं. ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार जुन्या केसेसमधल्या पहिलटकरांनाही एक तृतीयांशाचा फायदा आहे. हा अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करायचा, पण घरच्यांनी हिशोब लिहून त्यांच्याकडे दिलेला बरा.

खुनात मात्र वेगळी वाट: खटला लांबला म्हणून जामीन. निकाल हे: नजीब २०२१, जावेद शेख विरुद्ध महाराष्ट्र जुलै २०२४, सिसोदिया ऑगस्ट २०२४. त्यासाठी नुसती वर्षं सांगू नका. रोजनाम्याच्या नकला काढा आणि तक्ता करा: किती तारखा, त्यातल्या किती वेळा आरोपीला तुरुंगातून आणलंच नाही, किती वेळा साक्षीदार नाही, एकूण साक्षीदार किती आणि तपासले किती. आपल्याच वकिलाने मागितलेल्या तारखाही त्यात प्रामाणिकपणे घाला, नाहीतर त्या सरकारी वकील मोजतील.

हळकुंड

शेवटचं. कोल्हापूरचा आदेश झाला की माणूस थेट सुटतो?

बाकडं_नंबर_चार

नाही. बाँड सहसा खालच्या कोर्टात भरायचा. आदेश हायकोर्टाच्या साईटवर चढला की त्याची प्रत घेऊन सातारा, कराड, विजयनगर जिथे केस आहे तिथे अर्ज, जामीनदारांची तपासणी, मग सुटकेचा आदेश, मग तुरुंग. आरोपी सातारा किंवा सांगली जिल्हा कारागृहातच आहे असं धरू नका, कळंब्याला किंवा येरवड्याला हलवलेला असू शकतो; आधी विचारा. संध्याकाळची बंदी व्हायच्या आत कागद पोचला तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या. दुसऱ्या केसमध्ये वर्ग वॉरंट (त्या केससाठी ताबा मागणारं) पडलेलं असेल तर गेटवरून परत आत. म्हणून वकिलांना हायकोर्टातच मागायला सांगा की तूर्त रोख जामिनावर सोडा आणि जामीनदार द्यायला चार-सहा आठवडे द्या.

आदेशातलं नाव, वडिलांचं नाव आणि गु.र.नं. तिथल्या तिथे वाचून घ्या. एक आकडा चुकला तर दुरुस्तीसाठी पुन्हा कोल्हापूर. आणि जामीनदाराचे फोटो दोनच नेऊ नका, चार न्या.